साहेबांच्या उजव्या कानामागे

आमच्या ह्यांनी उभ्या जन्मात स्वतःचं असं एक वाक्य बोललेलं नाही, असं मी म्हटलं की ह्यांना राग येतो. पण रागावून जे बोलतात तेसुद्धा कुठल्यातरी नाटकातलंच असतं, मग मी तरी काय करू?

हे नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. विंगेत स्टुलावर बसायचं आणि नट अडला की पुढचं वाक्य असं सोडायचं, की ते फक्त त्याच्या कानात पडलं पाहिजे, पहिल्या रांगेला पत्ता लागता कामा नये. आमचं लग्न ठरत होतं तेव्हा माझे वडील मुलगा बघायला म्हणून ह्यांच्या नाटकाचे ओळीनं तीन प्रयोग बघून आले आणि आईला म्हणाले, "नाटक बरं आहे, पण मुलगा काही दिसला नाही." ह्यांच्या कामाला मिळालेली ती सगळ्यात मोठी पावती. हे ती अजून चारचौघांत सांगतात.

तत्त्व एकच. पदरचा शब्द घालायचा नाही. एकदा नायकानं तिसऱ्या अंकातच चौथ्या अंकाचं रडणं सुरू केलं. ज्या म्हाताऱ्याच्या नावानं तो गळा काढत होता, तो समोरच खुर्चीत पेपर वाचत बसलेला. दुसऱ्या कुणी काहीतरी जोडून वेळ मारून नेली असती. ह्यांनी शांतपणे तिसऱ्या अंकातलं वाक्य दिलं, परत दिलं, नायक डोळे पुसून भानावर येईपर्यंत देत राहिले. "लेखकानं लिहिलं नाही ते आपण बोलायचं नाही," हे म्हणतात. घरात साधं "भाजी खारट झालीय" म्हणायलासुद्धा ह्यांना लेखक लागतो.

पुढे कंपनी बुडाली, थिएटरच्या जागी फर्निचरचं दुकान आलं आणि हे सभागृहात शिपाई म्हणून लागले. सभागृह म्हणजे तेच, जिथं देशाचे कायदे होतात. पाणी द्यायचं, कागद पोचवायचे, दारं आवाज न करता लोटायची. तिथं सुखानं रिटायर झाले असते. पण गृहमंत्र्यांची एक अडचण होती.

साहेबांचा आवाज असा, की ऐकणाऱ्याला वाटावं, चला, आता सगळं ठीक होणार. पण हातात कागद आला की त्यांची ओळ सुटायची. एकदा त्यांनी तेच पान दोनदा वाचलं. दोन्ही वेळा बाकं वाजली म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही, पण त्यांच्या सचिवांनी धसका घेतला. सचिव म्हणजे बारीक अंगाचे, फाइल छातीशी धरून चालणारे गृहस्थ. त्यांना कुणीतरी सांगितलं की तो पाणी देणारा शिपाई आहे ना, तो पूर्वी प्रॉम्प्टर होता. झालं. साहेबांच्या बाकामागे एक बुटकं स्टूल आलं आणि हे पुन्हा विंगेत जाऊन बसले.

दोघांचं असं काही जमलं म्हणता! साहेबांच्या उजव्या कानात जे पडेल ते तोंडातून बाहेर यायचं, मध्ये कुठं थांबायचं नाही. डाव्या कानाशी बोललं तर साहेब विचार करायचे, उजव्या कानाशी बोललं तर बोलायचे. एकदा भाषण चालू असताना दुसऱ्या शिपायाचा बूट ह्यांच्या बोटांवर पडला. हे कळवळून पुटपुटले, "पाय काढ." साहेबांनी विरोधी बाकांकडे बघून खणखणीत सांगितलं, "पाय काढ." विरोधकांनी निषेध करून सभात्याग केला आणि संध्याकाळपर्यंत पायऱ्यांवर बसून राहिले. त्या दिवशी सचिवांनी ह्यांना बजावलं की मसुद्यात नसेल तर उजव्या कानाजवळ शिंकायचंसुद्धा नाही. ह्यांना ते अपमानास्पद वाटलं, कारण हे कधी शिंकले नव्हते.

आता देशाच्या एका टोकाला जंगल आहे आणि तिथं बंडखोर आहेत, हे तुम्ही पेपरात वाचलं असेल. कधी पोलिसांची गाडी उडवतात, कधी ठाण्यावर हल्ला करतात. तसं झालं की सभागृहात श्रद्धांजली. मजकूर ठरलेला, गावाचं नाव बदलायचं आणि आकडा बदलायचा. हा भ्याड हल्ला आहे. मी त्याचा तीव्र शब्दांत निषेध करतो. जवानांचं बलिदान व्यर्थ जाणार नाही. दोषींची गय केली जाणार नाही. उच्चस्तरीय समिती नेमण्यात येत आहे. मग सगळे स्तब्ध उभे राहतात. बसल्यावर विरोधक म्हणतात सरकार झोपलं होतं, सरकार म्हणतं यात राजकारण आणू नका, आणि जेवणाची सुट्टी होते.

हे सगळं ह्यांना इतकं पाठ, की घरात दूध उतू गेलं तरी तेच. "या घटनेचा मी तीव्र शब्दांत निषेध करतो." मी म्हणायचे, "समिती नेमा." मग हे आणि आमची मुलगी दोघं गॅसपाशी उभं राहून चौकशी करायचे आणि अहवालात मीच दोषी निघायचे. हसून हसून पुरेवाट व्हायची. मरणाच्या भाषेला हसू नये, कळतं मला. पण त्या भाषेत मरण कुठं दिसायचंच नाही.

मग ते आमच्या घरात आलं.

ह्यांची मोठी बहीण, म्हणजे माझ्या वन्सं, शिंप्याच्या दुकानात काज-बटणं करतात. नवरा लवकर गेला. मुलगा एकच. लहानपणी त्याचे गाल असे होते की सगळे त्याला फुग्या म्हणायचे. मोठेपणी गाल गेले, नाव राहिलं. हॉटेलात कांदे चिरता चिरता तो स्वयंपाक शिकला. ते हॉटेल बंद पडल्यावर एका ठेकेदारानं त्याला जंगलातल्या पोलीस ठाण्यावर स्वयंपाकी म्हणून पाठवलं. तिथून मला फोन करायचा. "मामी, दहा माणसांच्या भाजीला मीठ किती?" मी म्हणायचे, "मला तीन माणसांचं माहीत आहे, पुढचा गुणाकार तू कर." तो म्हणायचा, "गुणाकार येत असता तर मी इथं कशाला आलो असतो?" आणि स्वतःच खिदळायचा. फार गोड पोरगा होता. मी त्याला तसं कधी म्हटलं नाही, डोक्यावर बसला असता.

पहाटे ठाण्यावर हल्ला झाला. आठ पोलीस गेले, आणि स्वयंपाकघरात फुग्या गेला. सकाळच्या खाण्यासाठी अंडी उकडत ठेवली होती म्हणे. ठेकेदारानं हे फोनवर कशाला सांगितलं देव जाणे, पण वन्सं किती दिवस तेवढंच म्हणत होत्या. अंडी ठेवली होती त्यानं, अंडी ठेवली होती.

त्याला आणलं, पोचवलं. आणि त्याच आठवड्यात सभागृहात श्रद्धांजली ठरली. मसुदा ह्यांच्या हातात आला. त्यात आठ नावं होती.

हे सचिवांकडे गेले. सचिव वाईट माणूस नव्हे हो. त्यांनी ह्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समजावून सांगितलं. शोकप्रस्ताव गणवेशातल्या जवानांचा असतो. स्वयंपाकी ठेकेदाराचा. ठेकेदाराचा माणूस सरकारच्या हजेरीवर नाही. जो हजेरीवर नाही तो तिथं होता असं सरकारला म्हणता येत नाही, आणि जो तिथं नव्हताच तो तिथं मेला असं कसं म्हणायचं? "नियमात बसत नाही," ते म्हणाले. "मला मनापासून वाईट वाटतं." हे घरी येऊन आम्हाला सगळं जसंच्या तसं सांगायला लागले, सचिवांच्या आवाजासकट. मला वाटलं उचलून काहीतरी मारावं, पण कुणाला, ते ठरेना.

वन्सं शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मला दुसरं काही नको. तो ज्यांना रोज वाढत होता त्यांची नावं घेणार ना? मग वाढणाऱ्याचं एकदा घ्या. मोठ्यानं, सगळ्यांसमोर. नाहीतर लोकांना काय सांगू, माझा पोरगा कुठं गेला होता?"

त्या तोंड धुवायला उठल्या तेव्हा मी ह्यांना गाठलं.

"अहो, नियम कसला घेऊन बसलात? आठवं नाव झालं की नववं सांगायचं. त्या कानात तुम्ही किराणा मालाची यादी ओतलीत तरी साहेब म्हणून दाखवतील."

"पदरचा शब्द..." हे म्हणाले.

"पदरचा नाही, पोटचा आहे तो. तुमच्या बहिणीच्या."

"नोकरी जाईल. हे घर सरकारी आहे, तेही जाईल."

"जाऊ दे."

"आणि साहेबांनी विश्वासानं कान दिलाय गं मला."

ते खरं होतं, म्हणून मी आणखी चिडले. भांडी अशी आपटली की शेजारीण काय झालं म्हणून विचारायला आली. ह्यांच्याशी मी जेवताना बोलले नाही, सकाळी डबा देतानाही बोलले नाही. ह्यांनी दारातून प्रेक्षक गॅलरीचे दोन पास माझ्या हातात दिले आणि मान खाली घालून गेले.

गॅलरीत एक पहारेकरी बाई असते. तिनं आम्हाला बसवलं आणि नियम सांगितले. बोलायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, रडायचं नाही. "रडायचं पण नाही?" मी विचारलं. "आवाज करून नाही," ती म्हणाली.

वरून ह्यांचं फक्त टक्कल दिसत होतं, साहेबांच्या खांद्यामागे. साहेब उठले. "अध्यक्ष महोदय, हा भ्याड हल्ला आहे." खोटं कशाला बोलू, तो आवाज ऐकून क्षणभर मलाही धीर आला. मग एकेक नाव सुरू झालं. प्रत्येक नावाआधी टक्कल किंचित पुढं जायचं. शेजारी वन्सं बोटं मिटून मोजत होत्या. आठवं नाव झालं आणि त्यांचं नववं बोट तसंच उघडं राहिलं.

मसुद्यातलं पुढचं वाक्य मलाही पाठ होतं. या आठ वीरांच्या बलिदानापुढे हे सभागृह नतमस्तक आहे. पण ते काही येईना.

टक्कल हलेना. साहेब नुसते उभे. सभागृहाला वाटलं त्यांना भावना अनावर झाल्या, एकदोघांनी रुमाल काढले. अध्यक्षांनी चष्म्यावरून बघितलं. कोपऱ्यात अधिकाऱ्यांच्या जागेवर सचिव फाइल आवळून अर्धवट उठले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे अडलेत. जन्मभर दुसऱ्यांना पुढचं वाक्य देणारा माझा नवरा अडला होता आणि ह्यांना द्यायला मागे कुणी नव्हतं. ह्यांच्या तोंडून "आठ" निघत नव्हतं आणि "नऊ" म्हणायची ह्यांना परवानगी नव्हती. कालपासूनचा माझा राग कुठल्या कुठं गेला. मला नुसतं खाली धावत जावंसं वाटलं.

साहेब ओठ न हलवता जरा मागे झुकले. "पुढे?"

ह्यांना फक्त थांबण्याचं कारण सांगायचं होतं. निदान हे तसं म्हणतात. पण सांगितलं उजव्या कानात.

"साहेब, अजून एक होता. स्वयंपाकी. माझा भाचा होता तो."

साहेब सरळ झाले, माइककडे तोंड केलं आणि तो धीर देणारा आवाज लावून म्हणाले, "साहेब, अजून एक होता. स्वयंपाकी. माझा भाचा होता तो."

विरोधी पक्षनेते सरकार झोपलं होतं हे भाषण हातात घेऊन उठायच्या तयारीत होते. त्यांनी ते घडी करून खिशात घातलं, मधली मोकळी जागा ओलांडून आले आणि साहेबांना मिठी मारली. "घरात एवढं झालं," ते म्हणाले, आणि माइक चालू होता, "घरात एवढं झालं आणि तुम्ही आम्हाला बोलला नाहीत." साहेबांचा चेहरा त्यांच्या खांद्यावरून आम्हाला सरळ दिसत होता. आपण काय बोलून बसलो ते त्यांना आत्ता कुठं कळायला लागलं होतं. अध्यक्षांनी चष्मा काढून ठेवला. "माननीय मंत्र्यांनी नाव सांगावं," ते म्हणाले, "म्हणजे कामकाजात त्याची नोंद होईल."

सगळं सभागृह साहेबांकडे बघायला लागलं. साहेब बिचारे काय करणार? त्यांनी मान किंचित उजवीकडे कलती केली. टक्कल पुढं झालं. आणि आमच्या फुग्याचं शाळेतलं नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, त्या एवढ्या मोठ्या छताखाली सगळ्या स्पीकरमधून आलं.

वन्सं रडल्या नाहीत. त्यांनी नववं बोट मिटलं आणि मूठ मांडीवर ठेवली. रडले मी, चांगली आवाज करून, आणि पहारेकरी बाई दुसरीकडे बघत राहिली. मग सगळे उठून उभे राहिले, नऊ जणांसाठी.

पुढचं सगळं साहेबांच्या खोलीत झालं, ते मला ह्यांनी सगळ्यांच्या आवाजांत करून दाखवलंय. साहेब म्हणत होते, "मला बहीणच नाही." घरून बाईसाहेबांचा फोन आला, "तुमचा हा कुठला भाचा, आणि ती बहीण कोण, ते आधी सांगा." तेवढ्यात विरोधी पक्षनेत्यांच्या घरून फुलं आली. साहेब म्हणाले, खुलासा करून टाकू. सचिव म्हणाले, करता येईल, पण मग सभागृहात खोटं बोलल्यासारखं होईल आणि त्यात मंत्रिपद जातं. साहेब खाली बसले. फुलांकडे बघून म्हणाले, "मग असू दे भाचा."

आता मंत्र्यांचा भाचा हजेरीवर नव्हता, हे कसं चालेल? इतक्या समित्यांना जे सुचलं नव्हतं ते तीन दिवसांत झालं. ठाण्यावर जो कुणी राबतो, स्वयंपाकी असो, ड्रायव्हर असो, पाणी भरणारा असो, त्याचं नाव सरकारच्या हजेरीवर आलं पाहिजे, असा आदेश निघाला. सचिवांनीच लिहिला, आणि हे म्हणतात चांगला लिहिलाय, एका दमात म्हणता येतो. ह्यांना कुणी काढलं नाही, कारण काढलं तर का काढलं ते सांगावं लागलं असतं. स्टूल तेवढं डाव्या बाजूला सरकवलं. तेव्हापासून साहेब प्रत्येक वाक्याआधी थोडं थांबतात आणि पेपरवाले लिहितात की दुःखानं माणूस प्रगल्भ झाला. ह्यांनी मुद्दाम केलं का, असं मी अजून विचारते. हे अजून शपथ घेतात, आणि ती शपथही नाटकातलीच.

राहता राहिली भेट. भाऊ म्हटल्यावर बहिणीच्या घरी जायला हवं. वन्संची खोली शिंप्याच्या दुकानाच्या वर आहे, जिना एवढा अरुंद की एका वेळी एकच माणूस चढतो. आम्ही दोघं आधीच तिथं होतो. साहेब आले, सचिव आले, मागून कॅमेरेवाले. वन्संनी साहेबांना आणि सचिवांना आत घेतलं आणि बाकीच्यांना म्हणाल्या, "तुम्ही जिन्यात थांबा." दार लावून घेतलं. साहेब खाटेच्या कडेला बसले, शेजारी बटणांचा डबा. हे सवयीनं त्यांच्या खांद्यामागे जाऊन उभे राहिले.

"तू तिथं काय करतोयस?" वन्सं ह्यांना म्हणाल्या. "आत जाऊन चहा बघ."

हे गेले. साहेब एकटे पडले. त्यांनी घसा साफ केला.

"ताई, त्याचं बलिदान..."

"व्यर्थ जाणार नाही," वन्सं म्हणाल्या. "ऐकलंय मी ते. मला एक सांगा, त्याच्या जागी आता कोण आहे?"

साहेबांना कळलं नाही.

"ठाण्यावर. नवे पोलीस गेले असतील ना? त्यांना जेवायला कोण घालतं?"

साहेबांनी सचिवांकडे बघितलं. सचिवांनी फाइल उघडली आणि मिटली. "कुणीतरी गेलाच असेल," ते म्हणाले. "ठेकेदारानं पाठवला असेल. आदेश नुकताच निघालाय, नावं यायला थोडा वेळ लागेल."

"नाव विचारा त्याचं."

"मागवून घेतो, ताई," साहेब म्हणाले.

"मागवू नका. आत्ता विचारा. माझ्या पोराचं नाव तुम्ही तो गेल्यावर घेतलंत. ह्याचं तो आहे तोवर घ्या."

सचिव फोन घेऊन जिन्यात गेले. खाली गेले, रस्त्यावर गेले, आम्हाला त्यांचा चढा आवाज ऐकू येत होता. आधी ते हुकूम देत होते, मग विनंती करायला लागले. आत साहेबांनीच हळू विचारलं, "घरी काय म्हणायचे त्याला?"

"फुग्या," वन्सं म्हणाल्या.

साहेबांना हसू आलं, आणि हसता हसताच त्यांनी डोळे पुसले. त्या वेळी त्यांच्या दोन्ही कानांपाशी कुणी नव्हतं. मी बघत होते.

सचिव धापा टाकत वर आले. हल्ल्यानंतर आठवडाभरात एक मुलगा रुजू झालाय, म्हणाले, फोनवर तो स्वतःच आला होता, मागे भांडी वाजत होती. त्यांनी त्याचं नाव सांगितलं. साहेबांनी वन्संकडे बघून ते म्हटलं आणि आडनाव चुकलं. वन्संनी सचिवांना परत सांगायला लावलं, नीट ऐकून घेतलं आणि साहेबांना म्हणाल्या, "पुन्हा म्हणा." साहेबांनी पुन्हा म्हटलं, आणि या वेळी बरोबर म्हटलं.